फुल फ्रेमचा मोह

लग्नसराईच्या तोंडावर जळगावच्या किंवा धुळ्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानात घटकाभर उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो : फुल फ्रेम घेऊ, की क्रॉपवरच भागवू? विचारणारा पारोळ्याचा असेल, साक्रीचा असेल नाहीतर यावलचा. लग्नाच्या दोन सीझनची कमाई तो एका डब्यात घालणार असतो. समोरची पार्टीही आता हुशार झाली आहे. ऑर्डर देताना वधूचा भाऊच विचारतो, कॅमेरा फुल फ्रेम आहे ना?

माझं मत आधीच सांगतो. हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. सेन्सर किती मोठा, यापेक्षा लेन्सचं उघडं भोक किती मोठं आणि त्यातून प्रकाश आत यायला किती वेळ मिळतो, यावर फोटोचा बराचसा निकाल लागतो. आणि हे समजून घ्यायला जपानला जायची गरज नाही. भुसावळ, चाळीसगाव आणि शहादा एवढी ठिकाणं पुरेत.

आधी त्या 'फुल'चं बघू. ३६ बाय २४ मिलिमीटर ही चौकट कुणी शास्त्र मांडून ठरवलेली नाही. जर्मनीतल्या लाइट्स कंपनीतल्या ओस्कार बार्नाक यांनी १९१३च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची मिळून एक केली. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो कॅमेरा लायका नावाने बाजारात आला, तेव्हा हातभर काचांवर फोटो काढणाऱ्या लोकांना ही चौकट खेळण्यासारखी वाटली. तिला 'मिनिएचर' म्हणत. तीच चौकट पुढे 'फुल' झाली ती डिजिटलमुळे. सिलिकॉनच्या तबकडीवर सेन्सर जितका मोठा, तितके एका तबकडीत कमी बसतात आणि एखाद्या दोषापायी बाद होण्याची शक्यता वाढते. किंमत क्षेत्रफळापेक्षाही वेगाने चढते. म्हणून १९९९च्या निकॉन डी-वनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा छोटा सेन्सर होता. त्याला 'कापलेला', म्हणजे क्रॉप म्हणू लागले. २००२ साली कॅननने वन-डीएसमध्ये पूर्ण ३६ बाय २४चा सेन्सर दिला आणि कालची मिनिएचर आज थोरली झाली.

क्षेत्रफळात बोलायचं तर फुल फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटर, क्रॉप सुमारे ३६७, आणि महागड्या मोबाइलचा मुख्य सेन्सर सत्तरच्या आसपास. मोबाइलच्या जाहिरातीत 'एक इंची सेन्सर' लिहिलेलं असतं, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. तो इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास आहे. 'एक इंची' सेन्सरचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. सोनाराने असं माप धरलं असतं तर गिऱ्हाईक पेढीवरून उठून गेलं असतं.

आता लेन्स. लेन्स चौकोन टाकत नाही, गोल टाकते. भिंतीवर टॉर्चचा पडतो तसा प्रकाशाचा गोल, आणि सेन्सरचा चौकोन त्या गोलात पूर्ण बसला पाहिजे. फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटर, क्रॉपचा २८. म्हणजे फुल फ्रेमच्या लेन्सला ४३ मिलिमीटरपर्यंत, अगदी कोपऱ्यापर्यंत, रेषा सरळ आणि कडा स्वच्छ ठेवाव्या लागतात. मधोमध सुरेख आणि कोपऱ्यात ढेपाळणारी लेन्स बनवणं सोपं असतं. सगळी मेहनत, सगळी महागडी काच आणि सगळं वजन त्या कोपऱ्यांसाठी असतं. फुल फ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीला लावली की नेमके ते कोपरे सेन्सरच्या बाहेर पडतात. जुन्या लेन्सा क्रॉपवर चांगल्या वाटतात, त्याचं एक कारण हे.

या हिशेबाचा खान्देशातला सगळ्यात जुना साक्षीदार भुसावळला पुरलेला आहे. मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्यांची नेमणूक केली. गिल आणि अजिंठ्याची पारो यांच्या प्रेमाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, ना. धों. महानोरांच्या कवितेने ती घराघरात नेली, म्हणून इथे सांगत बसत नाही. त्यांची लंडनला पाठवलेली बरीच मोठी तैलचित्रं १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. १८५०च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं लंडनला निघाली. त्यातल्या एकात शंभर स्टिरिओ चित्रं आहेत : एकाच दृश्याची शेजारी शेजारी दोन छोटी चित्रं, दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खोली दिसते. गिल १८७९ साली वारले.

स्टिरिओची गंमत बघा. त्या काळी चित्र मोठं करून छापणं कटकटीचं होतं. काच कागदावर ठेवून उन्हात धरायची, की काचेएवढं चित्र तयार. मोठं चित्र हवं तर मोठी काच, मोठी लेन्स, मोठी पेटी. स्टिरिओत मात्र दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं शेजारी बसवायची असल्याने प्रत्येक चित्र सात-आठ सेंटिमीटरच्या फारसं पलीकडे जात नसे. चौकट लहान, म्हणून लेन्सही आखूड. दृश्याचा आवाका तोच ठेवून चौकट निम्मी केली, तर पुढच्या खांबापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट राहायला मोठ्या काचेच्या मानाने चौथा हिस्सा वेळ पुरतो. रस्त्यावर चालती माणसं पहिल्यांदा न पुसता टिपली गेली ती १८५०च्या दशकाच्या शेवटी, या छोट्या स्टिरिओ चौकटींमध्येच. 'मोठा सेन्सर म्हणजे कमी उजेडात चांगला' हे आजचं घोषवाक्य त्या फोटोग्राफरांना ऐकवलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं : मला खोली किती हवी आहे, ते आधी विचारलंस का?

मोठ्या चौकटीत पुढचं-मागचं धूसर होतं, हे लग्नाच्या अल्बममध्ये आवडतं. ज्यांना ते नको असतं त्यांना त्याचे पैसे मोजावे लागतात, वेळेत. आणि ज्याच्याकडे वेळ भरपूर होता असा फोटोग्राफर चाळीसगावात राहत होता.

केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२चा, मुंबईतल्या पारशी घरातला. शेफील्डच्या बेनेट कॉलेजात कलेचं शिक्षण घेऊन ते १९३०च्या दशकाच्या शेवटी चाळीसगावला परतले आणि रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात जवळजवळ कोंडून घेऊन राहिले, ते ३१ डिसेंबर १९८९ला मृत्यू येईपर्यंत. सुमारे पन्नास वर्षं. घराला त्यांनी नाव दिलं 'रेम्ब्राँझ रिट्रीट'. क्वचितच कधी उंबरा ओलांडला, त्यातली एक वेळ विनोबा भावे यांचा फोटो काढण्यासाठी. रोज रात्री मुंबईकडून येणाऱ्या गाडीची आणि त्या गाडीतून येणार असलेल्या व्यक्तीची ते वाट पाहत, ही कहाणी चाळीसगावकर अजून सांगतात. ती कहाणी इतकी गाजली की तिच्याखाली त्यांचं काम झाकलं गेलं. मला ते काम जास्त मोलाचं वाटतं.

ते काम म्हणजे टेबल-टॉप फोटोग्राफी. टेबलावर घरातल्याच वस्तूंमधून देखावा रचायचा, प्रकाश सोडायचा आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला तो कोसभर पसरलेला मुलूख वाटावा. बाहेर न पडणाऱ्या माणसाने सगळं बाहेर टेबलावर आणलं. देश-विदेशातल्या स्पर्धांत त्यांच्या छायाचित्रांना शेकड्यांनी बक्षिसं मिळाली.

हा खेळ भिंगाच्या दृष्टीने किती अवघड आहे, हे आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. खरा डोंगर, खरं झाड, खरी वाट दुरून पाहताना सगळंच स्पष्ट दिसतं. डोळ्याला त्याची सवय असते. पुढची काडी स्पष्ट आणि मागची धूसर दिसली की मन लगेच म्हणतं, हे जवळचं आहे, छोटं आहे, खेळणं आहे. आजकाल खऱ्या शहरांचे फोटो मुद्दाम वर-खाली धूसर करून शहर खेळण्यासारखं दाखवतात. मूस नेमकं उलटं करत होते : खेळणं खऱ्यासारखं दिसायला हवं, म्हणून टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धूसरपणा दिसता कामा नये.

समजा, टेबलावरचा देखावा ५६ सेंटिमीटर रुंद आहे आणि तो १२० नंबरच्या फिल्मवरच्या चौरस चौकटीत घ्यायचा आहे. त्या चौकटीची बाजू ५६ मिलिमीटर, म्हणजे देखावा दहापट लहान होऊन फिल्मवर उतरणार. एफ १६ इतकं बारीक छिद्र ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक) तरी स्पष्टतेची पट्टी साधारण १७-१८ सेंटिमीटर खोल मिळते. अर्ध्या फूटपट्टीहून जेमतेम जास्त. आता तोच देखावा आजच्या मोबाइलने, समोरूनच, तेवढाच भरून घ्या. सेन्सर जेमतेम दहा मिलिमीटर रुंद. छिद्र सताड उघडं, एफ १.८. तरीही मोबाइलला जी खोली मिळते ती मिळवायला १२०च्या फिल्मला एफ १०पर्यंत छिद्र मिटावं लागेल. फिल्मची आणि सेन्सरची गती सारखी धरली तर मोबाइल जिथे सेकंदाचा साठावा भाग घेतो, तिथे मोठ्या फिल्मला अर्धा सेकंद लागेल. जवळजवळ एकतीसपट वेळ.

तो अर्धा सेकंद, किंवा दहा सेकंदसुद्धा, चाळीसगावच्या त्या घरात फुकट होता. टेबलावरची काडी हलत नाही. मोठी चौकट आपला दंड वेळेच्या रूपात वसूल करते, आणि ज्याचा विषय स्थिर आहे त्याला तो दंड बसतच नाही. उलट मोठ्या चौकटीतला सगळा बारकावा त्याच्या पदरात पडतो, कारण तेवढा वेळ दिला की एकूण प्रकाशही कितीतरी जास्त जमा होतो.

मग मोबाइलमध्ये छिद्र आणखी बारीक करून खोली आणखी का वाढवत नाहीत? इथे प्रकाश स्वतःच आडवा येतो. छिद्र बारीक झालं की प्रकाशाच्या लाटा त्याच्या कडेला फाकतात आणि एका बिंदूची चकती होते. ही चकती छिद्राच्या एफ आकड्यावर ठरते, सेन्सरच्या आकारावर नाही. हिरव्या प्रकाशासाठी एफ १.८ला ती सुमारे २.४ मायक्रॉन, एफ ५.६ला साडेसात, एफ १६ला साडेएकवीस. मोबाइलचा एक पिक्सेल एक-सव्वा मायक्रॉनचा असतो. एफ ५.६ला एक बिंदू सहा पिक्सेल रुंद पसरेल आणि चित्र पिठूळ होईल. म्हणून बहुतेक मोबाइलच्या लेन्सला ॲपर्चरची पाती नसतातच. ५६ मिलिमीटरच्या फिल्मला साडेएकवीस मायक्रॉनची चकती मात्र सहज पचते.

लेन्स बनवणाऱ्याची खरी कोंडी हीच आहे. एखाद्या लेन्सचा आराखडा निम्मा केला की काचेच्या वळणांमुळे येणारे दोषही निम्मे होतात, पण चित्रही निम्मं होतं. फायदा-तोटा फिटतो. लाटांचा फाकणारा दोष मात्र लहान होत नाही. त्यामुळे सेन्सर जितका छोटा, तितकी लेन्स सताड उघडी ठेवावी लागते, आणि सताड उघड्या लेन्सला सुधारणं सगळ्यात अवघड. मोबाइलच्या लेन्समध्ये सहा-सात भिंगं एकामागे एक असतात, प्लास्टिकची, साच्यातून काढलेली, एकेकाचा पृष्ठभाग समुद्राच्या लाटेसारखा वळलेला. एवढी चमत्कारिक वळणं काचेत घासून मोठ्या लेन्ससाठी करायची तर किमतीचं बोलायलाच नको. इवलंसं प्लास्टिक साच्यातून लाखांनी निघतं, म्हणून परवडतं.

मोठ्या कॅमेऱ्यांची अडचण वेगळी होती. डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो, म्हणून लेन्स सेन्सरपासून दूर ठेवावी लागे. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर. २४ मिलिमीटरची वाइड लेन्स त्याच्याही पुढे उभी करायची म्हणजे उलट्या दुर्बिणीचा आराखडा, जो फ्रान्सच्या आँजेन्यू कंपनीने १९५०मध्ये फोटोच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आणला. मिररलेसमध्ये आरसा गेला. निकॉन झेडमध्ये अंतर १६ मिलिमीटर उरलं, सोनीत १८, कॅनन आरएफमध्ये २०. शेवटचं भिंग मोठं आणि सेन्सरच्या जवळ ठेवता येऊ लागलं आणि कोपरे सुधारले. मिररलेस घ्यायचं खरं कारण हे आहे, नुसतं कमी वजन नाही.

आता सातपुड्याच्या पायथ्याशी. रानपिंगळा हे तळहाताहून थोडं मोठं, जेमतेम २३ सेंटिमीटरचं घुबड. १८८४मध्ये खान्देशातच जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेल्या नमुन्यानंतर ते विज्ञानाच्या नोंदीतून नाहीसं झालं. ११३ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९७ला, पामेला रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना ते शहाद्याजवळ दिसलं. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. हे घुबड दिवसा हिंडतं, त्यामुळे फोटोवाल्यांची त्याच्याकडे रीघ. (त्याचं झाड कुठलं हे व्हॉट्सॲपवर टाकू नका, आणि आवाजाची क्लिप वाजवून त्याला बोलावू नका. पक्षी संकटात आहे.)

पक्षीवाले छातीठोकपणे सांगतात की क्रॉप बॉडीवर ४०० मिलिमीटरची लेन्स ६००ची होते. होत नाही. वीस मीटरवरच्या रानपिंगळ्याची ४०० मिलिमीटरची लेन्स सेन्सरवर ४.६ मिलिमीटर उंच प्रतिमा पाडते, मागे फुल फ्रेम असो की क्रॉप. फरक पडतो तो त्या ४.६ मिलिमीटरमध्ये पिक्सेल किती बसतात यात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर पिक्सेल सहा मायक्रॉनचा, म्हणजे पक्ष्याच्या उंचीत सुमारे ७७० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर ३.९ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ १,१८०. पिसांवरचे पांढरे ठिपके मोजायचे असतील तर इथे क्रॉप सरळ जिंकतो. ६१ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी घेतली तर ती बरोबरी करते, पण किती पैसे जास्त देऊन! आणि ६०० मिलिमीटर एफ ४ची खरी लेन्स हवी असेल तर तिचं पुढचं तोंड १५० मिलिमीटरचं, वजन तीन किलोच्या घरात, किंमत दहा लाखांच्या वर. तोंड मोठं म्हणून प्रकाश जास्त, त्याला तोड नाही. पण ते श्रेय लेन्सच्या तोंडाचं आहे, सेन्सरचं नाही.

लग्नाकडे वळतो, कारण दुकानातला प्रश्न तिथला होता. रात्रीची वरात, एलईडीचे रंग बदलणारे दिवे, नाचणारी माणसं. इथे वेळ मिळत नाही. सेकंदाच्या दोनशेव्या भागात काय येईल ते आपलं. प्रकाश कणाकणाने येतो आणि कमी कण आले की चित्रात रवा दिसतो. चौपट प्रकाश मिळाला तर रव्याच्या तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ होतं. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्सचं भोक २८ मिलिमीटर, क्रॉपवर त्याच दृश्यासाठी ३५ मिलिमीटर एफ १.८, भोक १९. फुल फ्रेमला दुप्पट प्रकाश मिळतो. फायदा खरा आहे.

पण सीझनच्या कमाईचं गणित असं होतं की सगळे पैसे बॉडीत जातात आणि लेन्स म्हणून एफ ४चा झूम घेतला जातो. ५० मिलिमीटरला एफ ४ म्हणजे भोक साडेबारा मिलिमीटर. शेजारचा पोरगा जुनी क्रॉप बॉडी आणि स्वस्तातली ३५ एफ १.८ घेऊन उभा असेल, तर त्याला त्याच वेळात जवळजवळ अडीचपट प्रकाश मिळतो. वरातीत त्याचे फोटो स्वच्छ येतात आणि फुल फ्रेमवाला आयएसओला शिव्या देतो.

स्टेजवरच्या ग्रुप फोटोत तर मोठ्या भोकाचाही उपयोग नाही. तीन रांगा उभ्या असतात. एफ १.८ला पुढची नवरी छान आणि मागच्या मामी धूसर, आणि मामी धूसर झाल्या की अल्बमचे पैसे अडकले. छिद्र एफ ५.६पर्यंत मिटावंच लागतं आणि फुल फ्रेमचा फायदा तिथेच संपतो. तिथे कामाला येतात दोन चांगले फ्लॅश आणि छत्र्या.

खान्देशाची म्हणून एक भर घालतो : ऊन. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळचा मे महिना ते ओलांडून जातो. सेन्सर तापला की अंधारातही त्यात खोटे कण तयार होतात आणि दर सहा-आठ अंशांना त्यांचं प्रमाण दुपटीच्या आसपास वाढतं. एका फोटोत हे दिसत नाही. मंडपात तासभर व्हिडिओ चालवला की छोट्या बॉडीतला मोठा सेन्सर मध्येच बंद पडतो, नेमका मंगलाष्टकांना. कॅमेऱ्यावर सावली धरायला एक माणूस ठेवा. त्याची मजुरी नव्या बॉडीपेक्षा कितीतरी कमी.

धुळ्यात अगदी निराळं काम आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले आणि त्यांच्या दप्तरांसाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी कागदाचं पान सपाट असतं. खोलीचा प्रश्न नाही, हलण्याचा प्रश्न नाही. ए-फोर आकाराचं पान इंचाला ४०० ठिपक्यांनी उतरवायला साडेपंधरा मेगापिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी पुरून उरते. कस लागतो तो कोपऱ्यांचा, कारण समासातली बारीक मोडी अक्षरंही मधल्या अक्षरांइतकीच वाचता आली पाहिजेत. त्याला मॅक्रो लेन्स, घट्ट स्टँड आणि दोन्ही बाजूंनी सारखा उजेड हवा. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची दप्तरं पडून आहेत त्यांनी एवढी जुळणी करून ती उतरवून घ्यावीत, वाळवी सेन्सरचा आकार विचारत नाही.

दुकानात जाणार असाल तर खिशात एकच गणित ठेवा. लेन्सच्या फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागा. ५० भागिले १.८, ३५ भागिले १.८, ५० भागिले ४. जे उत्तर येईल ते भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एकच दृश्य टिपणाऱ्या दोन जोड्यांपैकी ज्या जोडीचा आकडा मोठा, ती कमी उजेडात सरस आणि मागचं जास्त धूसर करणारी. बजेटचे तीन वाटे करा. दोन लेन्सला आणि दिव्यांना द्या, एक बॉडीला. त्या एका वाट्यात फुल फ्रेम बसत असेल तर जरूर घ्या. बसत नसेल तर जुनी क्रॉप बॉडी अजून दोन सीझन सहज काढते.